फोनमध्ये अकरा जीबी व्हिडिओ, पण तिसरीचं वाचन अडलेलंच

प्रश्न थोडक्यात: या ताई बीड जिल्ह्यातल्या एका वाडीवरच्या द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत शिकवतात. पहिली ते चौथी मिळून २८ मुलं आहेत. लोकवर्गणीतून ३२ इंची टीव्ही मिळालाय, पण शाळेत नेटची एकच काडी येते, तीही पाण्याच्या टाकीजवळ. ताईंच्या फोनमध्ये १४ शैक्षणिक ॲप आणि ११ जीबी व्हिडिओ साठलेत. टीव्ही लावला की मुलं शांत बसतात, तरी तिसरीतली ९ पैकी ५ मुलं जोडाक्षर आलं की अडतात. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज कुणीतरी नवीन लिंक टाकतं आणि आपण मागे पडतोय असं ताईंना वाटतं. गावातली तरुण मंडळी म्हणतात, "म्याडम, पैसे आम्ही टाकतो, पण लेकरायला टॅब पायजेत." त्यातच दिवाळीनंतर दहा-बारा मुलं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात. ताईंचे प्रश्न तीन आहेत: फुकट मिळणाऱ्या साधनांत सगळ्यात चांगलं कोणतं, टॅब घ्यावेत का, आणि जाणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन काय करता येईल?

ताई, तुमच्या पत्रात ॲपची नावं चौदा आहेत आणि मुलांच्या वाचनाबद्दलचा नेमका आकडा एकच, जोडाक्षराला अडणाऱ्या त्या पाच जणांचा. सुरुवात तिथूनच करू. 'चांगलं ॲप कोणतं' याचं उत्तर देता येतं, पण ते कोणाला आणि कशासाठी हवंय हे आधी ठरायला हवं. चौथीतल्या अपूर्णांकांना जे उत्तम, ते पहिलीतल्या अक्षरओळखीला बिनकामाचं.

टीव्ही लागला की मुलं चिडीचूप बसतात, हे तुम्ही समाधानानं लिहिलंय. त्या शांततेवर फार भरवसा ठेवू नका. उद्याच एक करून बघा. मुलं व्हिडिओबरोबर तालात म्हणतात अशी एखादी कविता घ्या. तिच्यातले पाच शब्द फळ्यावर उलटसुलट क्रमानं लिहा आणि एकेकाला वाचायला सांगा. कविता तोंडपाठ असलेली काही मुलं त्यातला एकही शब्द वाचू शकणार नाहीत. त्यांनी ऐकलेलं पाठ केलेलं असतं, अक्षरांकडे बघितलेलं नसतं. हलणारं चित्र, संगीत आणि खाली अक्षरं असं एकदम समोर आलं की सहा-सात वर्षांच्या मुलाचे डोळे चित्राकडेच जाणार. यात मुलाचा दोष नाही आणि तुमचाही नाही. व्हिडिओची बांधणीच तशी असते.

म्हणून साधनांआधी चाचणी. खेड्यातल्या मुलांचं शिकणं तपासणाऱ्या, २००५ पासून होणाऱ्या 'असर' सर्वेक्षणाच्या वाचन-गणिताच्या चाचण्या मराठीत मोफत मिळतात आणि त्या दोनच कागदांत मावतात. वाचनात पायऱ्या चार: अक्षर, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितात १ ते ९ अंकओळख, मग ९९ पर्यंत, मग हातच्याची दोन अंकी वजाबाकी, शेवटी तीन अंकी संख्येला एका अंकानं भागाकार. एका मुलाला तीन-चार मिनिटं पुरतात. २८ मुलांना दोन तासांहून कमी वेळ लागेल, तो तीन दिवसांत वाटून घ्या. चाचणी वऱ्हांड्यात, एकेका मुलाला बाजूला बसवून घ्यायची. वर्गात घेतली तर दहाव्या मुलाला परिच्छेद पाठ झालेला असतो.

त्यातून इयत्तेऐवजी पातळीचे तीन-चार गट तयार होतील. चौथीतलं एखादं मूल दुसरीतल्या दोघांबरोबर 'शब्द' गटात येईल, येऊ द्या. पायाभूत वाचन-गणितासाठीच्या सरकारच्या 'निपुण' मोहिमेचं उद्दिष्ट तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, तेही अर्थ समजून, असं आहे. जोडाक्षराला दर वेळी चार सेकंद थांबणारं मूल तिथपर्यंत पोचत नाही, कारण प्रत्येक ओळीत एक-दोन जोडाक्षरं असतातच.

आता साधनं. चौदांपैकी चार-पाच ठेवा, बाकीची काढून टाका.

'दीक्षा' हे सरकारी मोफत ॲप २०१७ पासून सुरू आहे आणि बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड तिथेच नेतात. बरेच शिक्षक ते एकदा उघडून सोडून देतात, कारण कोड स्कॅन केल्यावर भलतंच काही समोर येतं. बहुतेकदा चूक सुरुवातीच्या निवडीत असते. महाराष्ट्र राज्य मंडळ, मराठी माध्यम आणि इयत्ता नीट निवडलेली नसते. बघायला आणि उतरवून घ्यायला लॉगिन लागत नाही. दुसरी अडचण शाळेत गेल्यावर कळते: दीक्षात उतरवलेला पाठ त्या ॲपमध्येच उघडतो, पेनड्राइव्हवर टाकून टीव्हीला लावता येत नाही. तो टीव्हीवर हवा असेल तर फोनची स्क्रीनच टीव्हीवर घ्यावी लागते. त्याबद्दल पुढे.

ई-बालभारतीवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत. त्यांचा खरा उपयोग वर्गात दाखवण्यासाठी नाही, पुस्तक तर मुलांच्या हातात असतंच. खालच्या इयत्तेतले उतारे मोठ्या अक्षरात छापून वाचनपट्ट्या करायला त्या कामी येतात. चौथीतल्या मुलाला दुसरीचं पुस्तक हातात दिलं की ते शरमतं. तोच उतारा सुट्या कागदावर दिला तर निमूट वाचतं.

वाचनासाठी मात्र 'स्टोरीवीव्हर' सगळ्यात वर. प्रथम बुक्सनं २०१५ मध्ये सुरू केलेल्या या साइटवर मराठी गोष्टी चार पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीची गोष्ट २५० शब्दांच्या आतली आणि पुन्हा पुन्हा तेच शब्द येणारी असते. गोष्टी मुक्त परवान्याच्या आहेत, त्यामुळे छापा, वाटा, बदला, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव राहू द्या. खबरदारी एकच. बऱ्याच गोष्टी अनुवादित आहेत आणि सगळे अनुवाद सारखे नाहीत. वर्गात नेण्याआधी गोष्ट एकदा मोठ्यानं वाचा. जीभ जिथे अडखळेल ते वाक्य सोपं करा. गोष्टीत 'पेरू' असेल आणि तुमची मुलं 'जांब' म्हणत असतील तर पहिल्या वाचनाला 'जांब' चालेल, दुसऱ्या दिवशी 'पेरू' ओळखीचा करून द्या. वाडीशेजारी तांडा असेल आणि मुलं घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलत असतील तर मोठ्या मुलांकडून चित्रांखाली गोरमाटी वाक्यं देवनागरीत लिहून घ्या. त्या मुलांना वाचण्याजोगी इतकी जवळची गोष्ट दुसरीकडे सहज मिळायची नाही.

अरविंद गुप्तांच्या साइटवरचे टाकाऊपासून खेळण्यांचे व्हिडिओ तुम्ही बघायचे, मुलांनी करायचं. काडेपेटीतल्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्रिकोण-चौकोन करायला गटाला ३० काड्या आणि वीतभर ट्यूब पुरते. गुल आधी काढून टाका. त्रिकोण दाबला तरी मोडत नाही आणि चौकोन कलतो, हे हातात धरून कळतं. टीव्हीवर तेच बघितलं तर फक्त बघितलं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या संचातले अपूर्णांकांचे खेळ मराठीत आहेत. एकेक खेळ एका फाइलमध्ये उतरवता येतो आणि नेटशिवाय ब्राउझरमध्ये चालतो. पण ते तिसरी-चौथीलाच द्या, आणि भाकरी किंवा कागद दुमडून पाव-अर्धा-पाऊण झाल्यावर. आधीच दिले तर मुलं माउसनं तुकडे इकडून तिकडे ओढत बसतात, त्यातून अपूर्णांक काही निघत नाही.

यूट्यूबवर मराठी साहित्य भरपूर आहे आणि त्यात गाळही तितकाच. व्हिडिओ घेण्याआधी चार गोष्टी बघा: चार मिनिटांच्या आत आहे का, एकच गोष्ट शिकवतो का, मध्ये थांबवून प्रश्न विचारता येईल अशी जागा आहे का, आणि अक्षरं बरोबर आहेत का. ही चौथी गोष्ट सहसा कुणी बघत नाही. अनेक व्हिडिओंत 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात, कारण संगणकातले बरेच देवनागरी टंक तसेच आहेत. मराठी वळण २००९ च्या शासन निर्णयात प्रमाण ठरलंय आणि बालभारतीच्या पुस्तकात तेच आहे. मोठ्यांना हा फरक जाणवतही नाही. नुकतं अक्षर ओळखू लागलेल्या मुलाला मात्र पुस्तकातला 'ल' आणि टीव्हीवरचा 'ल' ही दोन वेगळी अक्षरं वाटतात.

गणितातही तसंच. 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारी मुलं तुमच्या वर्गात असतीलच, कारण बोलताना तीन आधी येतो आणि लिहिताना सहा. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'साठ तीन' अशी वाचनपद्धत दिली तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. वाद काहीही असो, वर्गात एक पद्धत बोलायची आणि व्हिडिओत दुसरी ऐकवायची असं करू नका. 'साठ आणि तीन म्हणजे त्रेसष्ट' असा पूल तुम्ही बांधला असेल, तरच दोन्ही चालतात.

त्या पाच मुलांचं काय? इथे थोडं थांबू, कारण जोडाक्षरांवरचे बहुतेक व्हिडिओ सगळी जोडाक्षरं एका दमात दाखवतात आणि मूल गोंधळतं. क्रम असा ठेवा. पहिला आठवडा एकाच अक्षराच्या जोडीचा: पक्का, बच्चा, गल्ली, चप्पल. मुलाला 'अर्धं अक्षर' ही कल्पना इथे कळते, कारण दोन्ही आवाज एकच असतात. दुसरा आठवडा पहिल्या अक्षराची उभी रेघ गळते अशांचा: ज्वारी, म्हैस, पुस्तक, वस्ती, गोष्ट. तिसरा आठवडा फक्त 'र'चा, कारण तो चार रूपांत येतो. 'चक्र'मध्ये अक्षराच्या पोटात तिरपी रेघ, 'ट्रक'मध्ये अक्षराखाली टोपी, 'पऱ्हाटी'मध्ये अर्धचंद्रासारखा, आणि 'सूर्य'मध्ये डोक्यावर. या शेवटच्या रफारावर मुलं सगळ्यात जास्त अडतात. तो दिसतो 'य'वर, पण उच्चारायचा 'य'च्या आधी. मूल डोळ्यांवर विश्वास ठेवून 'सूय्र' म्हणतं. ती चूक शहाणपणाची आहे, म्हणून रागावण्याऐवजी 'सूर्‌' आणि 'य' असे दोन कागद शेजारी ठेवून दाखवा. क्ष, ज्ञ, श्र चौथ्या आठवड्यात. ट्रॅक्टर हा शब्द तुमच्या वाडीवर रोज कानावर पडतो, त्यात 'ट्र' आणि 'क्ट' दोन्ही आहेत. तो शेवटची परीक्षा म्हणून ठेवा.

व्हिडिओची जागा यात दिवसाला तीन मिनिटं. तो आवाज बंद करून लावा. शब्द पडद्यावर आला की थांबवा, मुलांना आधी वाचू द्या, मग आवाज चालू करून ताळा पाहा. एवढ्या एका बदलानं बघणारं मूल वाचणारं होतं. नंतर दहा मिनिटं शब्दपट्ट्या, पाच शब्दांचं श्रुतलेखन, वह्यांची अदलाबदल करून तपासणी. पट्ट्यांना शब्द हवेत म्हणून हल्लीच्या मोफत एआय चॅटला सांगितलं तर चाळीस शब्द मिनिटात मिळतात, पण त्यात हिंदी शब्द आणि चुकीचे ऱ्हस्व-दीर्घ घुसलेले असतात. कोश जवळ ठेवून एकेक शब्द तपासल्याशिवाय कागदावर उतरवू नका.

बहुवर्गात, म्हणजे एका खोलीत अनेक इयत्ता असताना, एक अडचण प्रत्येकाला येते: टीव्ही एका गटासाठी लावला तरी २८ मुलं बघतात. म्हणून टीव्ही फळ्याशेजारी नको, कोपऱ्यात ठेवा आणि काम नसताना त्यावर कापड टाका. ज्या गटाचा व्हिडिओ आहे तो टीव्हीसमोर जमिनीवर बसेल, बाकीच्यांची टीव्हीकडे पाठ, दुसऱ्या भिंतीकडे तोंड. आवाज बहुतेक वेळ बंद असल्यानं हे जमतं. गोष्ट ऐकवायची असेल तर छोटा ब्लूटूथ स्पीकर गटाच्या मध्ये, मुलांच्या कानाच्या उंचीवर ठेवा. टीव्हीचे स्पीकर बहुधा मागच्या किंवा खालच्या बाजूला असतात आणि पत्र्याच्या खोलीत तो आवाज घुमतो. पाऊस सुरू झाला की तर काहीच ऐकू येत नाही.

टीव्हीची तांत्रिक बाजू. शाळेत थेट ऑनलाइन काहीच लावू नका. गोल फिरणाऱ्या चकतीकडे बघत वर्ग हातचा जातो, आणि मध्येच येणारी जाहिरात कसली असेल सांगता येत नाही. तालुक्याला किंवा घरी चांगलं नेट असेल तेव्हा आठवड्याचं साहित्य उतरवा. ३२ इंची पडद्याला ३६० पी पुरतं आणि मिनिटाला साधारण पाच एमबी लागतात. ७२० पी घेतलं तर डेटा दोन-तीनपट जातो, मुलांना फरक कळत नाही. यूट्यूबच्या ॲपमध्येच 'डाउनलोड' केलेला व्हिडिओ पेनड्राइव्हवर जात नाही, आणि काही दिवसांनी फोन पुन्हा नेटला जोडावा लागतो. तो फोनवरूनच दाखवायचा. जिथे फाइल उतरवायची सोय आणि परवानगी आहे, तिथे एमपी४ घ्या.

पेनड्राइव्ह १६ किंवा ३२ जीबीचा, फॅट३२ फॉर्मॅटचा. ६४ जीबीचे बहुतेक एक्सफॅटमध्ये येतात आणि जुना टीव्ही ते ओळखतच नाही. मग पेनड्राइव्ह खराब निघाला म्हणून बदलत बसायची वेळ येते. फाइलची नावं इंग्रजी अक्षर-अंकांत ठेवा, कारण पुष्कळ टीव्हींवर मराठी नावांच्या जागी चौकोन दिसतात आणि ऐन वेळी हवा तो व्हिडिओ सापडत नाही. फोन टीव्हीला जोडायला टाइप-सी ते एचडीएमआय केबल घ्यायच्या विचारात असाल तर थांबा. स्वस्त फोनमधून त्या तारेनं चित्र जातच नाही. टीव्हीत 'मिराकास्ट' किंवा 'स्क्रीन मिररिंग' असेल तर ते नेटशिवाय चालतं. क्रोमकास्ट प्रकारच्या टीव्हीला फोन आणि टीव्ही एकाच वायफायवर लागतात, तिथे दुसऱ्या फोनचा हॉटस्पॉट चालू करून भागतं. भारनियमन तर आहेच. वीज येता-जाताना टीव्हीचा बोर्ड जातो, म्हणून स्पाइक गार्ड लावा आणि वीज गेली की बटण भिंतीवरच बंद करा. टीव्हीच्या प्रत्येक तासाला वीज नसली तरी चालेल असा पट्ट्यांचा संच हाताशी असू द्या.

फुकट साहित्याचा खर्च तुमच्या वेळेतून जातो, हे ग्रुपवर कुणी लिहीत नाही. आठवड्याला शनिवारी दोन तास ठरवा आणि जास्तीत जास्त तीन गोष्टी निवडा. लिंक आली की लगेच उघडायची नाही. ज्या गटाला ती लागणार तो गट आठवला नाही तर ती तुमची नाही. फोनमधल्या ११ जीबीपैकी गेल्या दोन महिन्यांत वर्गात न वापरलेलं सगळं पुसून टाका. मागे पडण्याचं म्हणाल तर ग्रुपवर दिसतात ते टीव्हीसमोर बसलेल्या मुलांचे फोटो. ती मुलं काय वाचू शकली हे फोटोत येत नाही. आणि फोटोंचं निघालंच आहे म्हणून: वरिष्ठांनी मागितले तर वहीचे, पट्ट्यांचे, फळ्याचे पाठवा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे. पालकांना न विचारता चेहरे स्टेटसला टाकायची सवय सोडलेली बरी.

टॅबबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: आत्ता नको. २८ मुलांत पाच टॅब आले तर एका टॅबभोवती पाच-सहा मुलं, आणि बोट एकाचंच. रोज चार्ज करणं, रात्री कुलपात ठेवणं, काच फुटली तर कुणाच्या लेकरानं फोडली यावरून गावात होणारी कुरबूर, हे सगळं तुमच्याच अंगावर येणार. आत दिसणार ते तुमच्या टीव्हीवर दिसतं तेच. पण मंडळी स्वतःहून पैसे टाकतायत, त्यांना नुसतं 'नको' म्हणू नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत शाईच्या टाकीचा काळा-पांढरा प्रिंटर आणि कागदाची रिमं मागा. स्टोरीवीव्हरची १२ पानी गोष्ट ए४ कागद आडवा धरून, एका बाजूला दोन पानं अशी दोन्ही बाजूंनी छापली की ३ कागदांत बसते. मधे दुमडून दोन पिना मारल्या की पुस्तक. ५०० कागदांच्या एका रिमात अशी दीडशेहून जास्त पुस्तकं होतात, म्हणजे प्रत्येक मुलाला घरी न्यायला पाच. छापताना 'बुकलेट' हा पर्याय निवडला नाही तर पानांचा क्रम चुकतो, आधी एकच प्रत काढून बघा. गडद पार्श्वभूमीची चित्रं शाई पितात. पांढऱ्या पार्श्वभूमीच्या गोष्टी निवडा. पैसे देणाऱ्यांची नावं पुस्तकाच्या मागच्या पानावर छापा. टॅबवर नाव कोरता येत नाही, हेही त्यांना सांगा.

आता ऊसतोडीला जाणाऱ्या मुलांचं. इथे 'ऑनलाइन काय करता येईल' या प्रश्नातच एक गृहीतक आहे, की मूल जाणारच. आधी घराघरांत बसून बघा. आजी-आजोबांजवळ राहू शकेल असं मूल असेल तर हंगामी वसतिगृहाची मागणी वेळेत, म्हणजे टोळ्या हलायच्या आत जायला हवी. त्याची जागा कोणतंही ॲप घेऊ शकत नाही. जी जाणारच आहेत त्यांना शिक्षण हमी कार्ड द्या, म्हणजे कारखान्याजवळच्या शाळेत बसवून घेताना अडचण येणार नाही. त्या कार्डाबरोबर तुमच्या चाचणीची चिठ्ठी जोडा: 'परिच्छेद वाचतो, रफाराला अडतो, हातच्याची वजाबाकी येत नाही'. तिथल्या गुरुजींना इयत्तेपेक्षा या ओळीचा जास्त उपयोग. टोळी बेळगावकडे जाणार असेल तर जवळची शाळा कन्नड असण्याची शक्यता धरून चाला, आणि त्या मुलांच्या पिशवीत मराठीचं साहित्य जास्त भरा.

फडावर लिंक पाठवून उपयोग नाही. फोन बापाच्या खिशात, चार्जिंग जिथे मिळेल तिथे, रिचार्ज संपलेला, आणि कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, सगळे परतेपर्यंत लेकरं झोपलेली. त्यात चालतं ते तुमच्या आवाजाचं रेकॉर्डिंग. व्हॉट्सॲपवरच्या एक मिनिटाच्या व्हॉइस नोटला पाव एमबीही लागत नाही. आठवड्याला दोन पाठवा, वार ठरलेले. त्यात मुलाचं नाव घ्या, पुस्तकाचं पान सांगा, दोन ओळी वाचा आणि एकच काम द्या: "पुढच्या चार ओळी वाचून मला पाठव." उत्तर त्याच दिवशी येणार नाही, कधी आठ दिवसांनी येईल. आलं की त्याच दिवशी नावानिशी शाबासकी पाठवा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात बंद पडतं.

रिचार्ज नसला तरी चालावं म्हणून निघण्याआधीच दहा रेकॉर्डिंग पालकांच्या फोनमध्ये ब्लूटूथनं टाकून ठेवा. ती उघडायची कशी हे बापाला न दाखवता मुलाला दाखवा आणि त्याच्याकडून तुमच्यासमोर दोनदा करून घ्या. पिशवीत पुस्तकं, गोष्टींची पाच छापील पुस्तकं, पारदर्शक चिकटपट्टी लावलेल्या २० शब्दपट्ट्या, दोन वह्या, तीन पेन्सिली. पट्ट्या रबरात गुंडाळून प्लॅस्टिकच्या डब्यात द्या, कोपीत कागद ओलाव्यानं चार दिवस टिकत नाही. दोन भावंडं जात असतील तर मोठ्याला रेकॉर्डिंग लावायचं काम आणि धाकट्याला पट्ट्या मोजून ठेवायचं.

गुढीपाडव्याच्या सुमाराला मुलं परतली की पहिल्या दिवशी हजेरीआधी तीच चार पायऱ्यांची चाचणी घ्या. गावातच राहिलेल्या मुलांची मात्र दर चार आठवड्यांनी. चार आठवड्यांत त्या पाचांपैकी कुणीच पुढे सरकलं नाही तर नवीन ॲप शोधू नका. आधी बघा की श्रुतलेखन खरंच रोज झालं का, आणि आवाज बंद ठेवायचं आठवलं का.